कुंडीतलं रबर प्लांट आणि खरं रबराचं झाड

जाड, चकचकीत पानांचं ते कुंडीतलं रबर प्लांट असतं ना, टायरचं रबर त्याच्यापासूनच येतं असं खूप जणांना वाटतं. पण ते फायकस इलास्टिका, म्हणजे वडा-पिंपळाच्या भावकीतलं. त्याच्या चिकातही रबर असतं, पूर्वी काढायचे सुद्धा, पण आज जगातलं जवळपास सगळं नैसर्गिक रबर येतं हेविया ब्राझिलिएन्सिसपासून, आणि हे झाड मूळचं ॲमेझॉनच्या जंगलातलं, एरंडाच्या कुळातलं.

आणि चीक म्हणजे झाडाचा रस नव्हे बरं का. अन्नपाणी वाहून नेणाऱ्या नळ्या वेगळ्या, चिकाच्या वेगळ्या, आणि या चिकाच्या नळ्या सालीच्या आतल्या थरात असतात. म्हणून सगळं कसब सुरी धरणाऱ्याच्या हातात. तो पहाटेच कामाला लागतो कारण तेव्हा झाडात पाण्याचा दाब चांगला असतो, मग जुन्या तिरक्या खाचेच्या कडेवरून सालीचा पापुद्र्यासारखा काप काढतो, की लगेच पांढरे थेंब फुटतात, एकमेकांत मिसळतात आणि खाचेतून ओघळत खाली बांधलेल्या वाटीत पडतात. सुरी जराशी जास्त आत गेली तर सालीखालचा वाढीचा थर दुखावतो, तिथे गाठी येतात आणि नवी साल नीट भरत नाही. काही तासांनी नळ्यांच्या तोंडाशी चीक गोठतो आणि धार थांबते. झाडासाठी ही मलमपट्टीच आहे, आणि पान कुरतडायला आलेल्या किड्याचं तोंड चिकटवायला पण हाच चीक कामी येतो.

चिकात साधारण एक तृतीयांश रबर, बाकी बहुतेक पाणी. आम्ल घातलं की दुधासारखा फाटतो आणि रबराचा गोळा वेगळा होतो. पण कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट, थंडीत कडक. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की गंधक मिसळून तापवलं तर रबराच्या लांबच लांब साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात, मग ताणलं तरी रबर परत जागेवर येतं.

आता खरी काळजीची गोष्ट. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने ब्राझीलमधून सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू गार्डन या वनस्पती उद्यानात नेल्या, त्यातल्या तीन हजारसुद्धा रुजल्या नाहीत, आणि आशियातले अफाट मळे मुख्यतः त्याच मूठभर रोपांचे वंशज आहेत! दक्षिण अमेरिकेत पानांवर येणाऱ्या एका बुरशीने रबराचे मळे उभेच राहू दिले नाहीत. ती आशियात पोचली तर एकाच घराण्यातली ही झाडं कितपत टिकतील? आणि विमानाच्या टायरला तर आजही नैसर्गिक रबरच लागतं.

म्हणून दुसऱ्या वनस्पती शोधायलाच हव्यात. चिकात रबर असलेल्या हजारो आहेत, पण बहुतेकींचं रबर कमी नाहीतर निकृष्ट. त्यातल्या दोन मला आशेच्या वाटतात. एक ग्वायुले, मेक्सिकोच्या वाळवंटातलं झुडूप, आपल्या गाजर गवताची चक्क सख्खी बहीण, फक्त तिचं रबर नळ्यांत वाहत नाही, पेशींमध्ये साठतं, त्यामुळे अख्खं झुडूप भरडावं लागतं. दुसरी कझाकस्तानातली कोक-सागीझ, पिवळ्या फुलांचं छोटंसं डँडेलियन, तिचं रबर मुळांमध्ये असतं. सुकलेलं मूळ मोडून दोन तुकडे हळूच लांब ओढले ना, की मधे रबराचे बारीक धागे ताणलेले दिसतात.