व्हेनेझुएलातला ‘उए’ जातो कुठे?

व्हेनेझुएलाची बातमी स्पॅनिशमध्ये ऐकलीत, तर तिथला माणूस ‘व्हेनेझोलानो’ असल्याचं कळतं. मग देशाच्या नावातला ‘उए’ कुठे गेला? शिकणाऱ्यांना बहुतेक वेळा ‘अपवाद आहे, पाठ करा’ एवढंच सांगितलं जातं. पण हा अपवाद नाहीच.

गावावरून माणसाला नाव देताना स्पॅनिशमध्ये आनो, एन्यो, एन्से असे प्रत्यय लागतात: सेव्हिलचा सेव्हियानो, माद्रिदचा माद्रिलेन्यो. इथवर सोपं आहे. खरी गंमत आघाताची, म्हणजे शब्दाचा कोणता भाग जोर देऊन उच्चारला जातो त्याची.

लॅटिनमध्ये ‘ओ’ दोन होते, ऱ्हस्व आणि दीर्घ. पुढे लांबीतला फरक पुसला गेला आणि ऱ्हस्व ‘ओ’ जरा उघड्या तोंडाचा झाला. त्यावर आघात आला की स्पेनमध्ये तो फुटून ‘उए’ झाला. आघात नसेल तिथे ‘ओ’च राहिला. म्हणून 9 म्हणजे नुएव्हे, पण 90 म्हणजे नोव्हेंता. ‘मी सांगतो’ हे कुएंतो, ‘आम्ही सांगतो’ हे कोंतामोस. आपल्याकडे ‘दूध’चं ‘दुधाचा’ होताना ऊ आखडतो, तसंच काहीसं.

आता प्रत्यय आघात स्वतःकडे ओढून घेतो. व्हेनेझुएलात तो ‘उए’वर, व्हेनेझोलानोत ‘ला’वर. स्पेनमधल्या कुएंकाचा माणूस कोंकेन्से, तेरुएलचा तुरोलेन्से. उएस्का या शहराचं रोमन नाव ओस्का, त्यामुळे तिथला माणूस ओस्थेन्से. ब्युनॉस आयरिस प्रांतातला बोनाएरेन्से, आणि खुद्द शहरातला पोर्तेन्यो, म्हणजे बंदरवाला. बंदर म्हणजे पुएर्तो. यातली काही रूपं विद्वानांनी थेट जुन्या नावांवरून घडवलेली आहेत, पण त्यांतही जुना ‘ओ’च दिसतो.

व्हॉट्सॲपवर अर्जेंटिनाचा अर्जुनाशी संबंध जोडणाऱ्यांनी हे जरूर पाहावं. दोन शब्द सारखे ऐकू आले म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध होत नाही. एकच बदल डझनभर शब्दांत त्याच अटीवर घडलेला दाखवावा लागतो. (अर्जेंटिना आलं ते चांदीच्या लॅटिन शब्दावरून.)

मात्र हा नियम आज जिवंत नाही. ‘उए’ फुटण्याचं काम मध्ययुगातच उरकलं. पुएर्तो रिकोच्या माणसाला पोर्तोरिकेन्यो म्हणतात खरे, पण जास्त चालतं ते पुएर्तोरिकेन्यो. आघात पार ‘के’वर गेला तरी ‘उए’ जागचा हललेला नाही, कारण बोलणाऱ्याला त्यात बेटाचं अख्खं नाव ऐकू यायला हवं असतं.