अंगात शिरलेलं ते कोण?

रात्रीच्या मालिकेत घरचा थोरला मुलगा जेवता जेवता ताट भिरकावतो. कालपर्यंत बायकोला एका शब्दानं न दुखावणारा हा माणूस. आता त्याचे डोळे फिरलेत, आवाज घोगरा झालाय. परभणीतल्या एखाद्या घरात टीव्हीपुढं बसलेली आजी लगेच सांगते, "माणूस तोच हाय, पण बोलायलंय दुसरंच कुणीतरी." मालिकेत अजून भुताचा उच्चारही झालेला नसतो.

आजी हे इतक्या झटकन कसं ओळखते, याचा शोध मानसशास्त्रानं घेतला आहे. निना स्ट्रोमिंगर आणि शॉन निकोल्स या अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लोकांना विचारलं, की माणसातलं काय बदललं तर तो 'तो' राहत नाही? आठवणी, आवडीनिवडी, पाहण्या-ऐकण्याची शक्ती असं बरंच काही समोर ठेवलं होतं. सगळ्यांवर ताण केली नीतीनं, म्हणजे दया, प्रामाणिकपणा, माणुसकी यांनी.

पुढच्या वर्षी याच दोघांनी मेंदू आणि मज्जासंस्थेच्या आजारांनी ग्रासलेल्या रुग्णांच्या घरच्यांना प्रश्न विचारले. अल्झायमरमध्ये प्रामुख्यानं आठवण जाते. एएलएसमध्ये स्नायू निकामी होतात, स्वभाव मात्र बहुधा शाबूत राहतो. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात कपाळामागचा आणि कानशिलांजवळचा मेंदू झिजत जातो. सुरुवातीला आठवण बरीचशी ठीक असते, पण माया, लाजलज्जा, दुसऱ्याच्या दुःखाची जाण ओसरू लागते. 'हा आमचा माणूस राहिला नाही' ही भावना सर्वात तीव्र होती ती या शेवटच्या आजाराच्या घरांत. बाप पोराचं नाव विसरला तरी बापच राहतो. तो निष्ठुर झाला की परका वाटू लागतो.

झपाटलेल्या माणसाची गोष्ट आपल्याला खरी वाटते ती यामुळे. चेहरा तोच ठेवायचा आणि आतली माणुसकी काढून घ्यायची, एवढं केलं की पाहणाऱ्याचं मन उरलेलं काम स्वतःच करतं.

इथं थोडं थांबून सांगायला हवं, कारण आपल्या भागात ही गोष्ट पडद्यापुरती राहत नाही. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया बहुधा पंचेचाळीस ते पासष्ट या वयात गाठतो. हिंगोलीकडच्या एखाद्या गावात पन्नाशीतला शांत माणूस अचानक शिवराळ झाला, भर पंगतीत दुसऱ्याच्या ताटातलं उचलू लागला, सख्ख्या भावाच्या मयतीत कोरडा बसून राहिला, तर घरचे आधी दारूचा संशय घेतात, मग बाहेरच्या बाधेचा. अंगारे-धुपारे आणि उतारे यांत महिने जातात. भूत उतरवायच्या नावाखाली माणसाला मारणं, साखळीनं बांधणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. स्वभाव असा पालटला तर मेंदूच्या किंवा मनाच्या डॉक्टरांकडे जावं, आणि कुठं जायचं ते सुचत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विचारावं.

आता पुन्हा मालिकांकडे. अमेरिकेत १९९७ ते २००३ या काळात 'बफी द व्हॅम्पायर स्लेअर' नावाची मालिका चालली. तिच्यात तरुण वयातली भीती दर वेळी राक्षसाचं रूप घेऊन येते. १९९८ च्या सुरुवातीच्या भागांत नायिका आपल्या प्रियकरासोबत (तो व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू असतो, पण भला) पहिली रात्र घालवते आणि सकाळी तो क्रूर होऊन समोर येतो, कारण शापानं त्याचा आत्मा हिरावला गेलेला असतो. असा अनुभव कितीतरी मुलींना कुठल्याही शापाशिवाय येतो. रक्तपिपासू प्रियकराच्या आडून ते दुःख उघड बोलता आलं.

पण रूपक निवडलं की त्याच्याबरोबर उपायही येतो. पॉल थिबोडो आणि लेरा बोरोडित्स्की यांनी २०११ मध्ये लोकांना एका शहरातल्या गुन्हेगारीचा मजकूर वाचायला दिला. काहींच्या कागदावर गुन्हेगारी म्हणजे हिंस्र पशू होता, काहींच्या कागदावर विषाणू. आकडे तेच होते. पशू वाचणाऱ्यांचा कल पकडा-कोंडाकडे जास्त गेला आणि विषाणू वाचणाऱ्यांचा मूळ कारणं सुधारण्याकडे. नंतर दुसऱ्या संशोधकांना हा परिणाम आढळला नाही, मूळ जोडीनं नव्या प्रयोगांनी उत्तर दिलं. वाद आहे, तरी मला यात तथ्य वाटतं. रागाला राक्षस म्हटलं की त्याला मारावंसं वाटतं, मग तो कुणी पोसला हे विचारायचं राहून जातं.

याबाबतीत पैठणच्या एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी जे केलं ते मला आजच्या बहुतेक मालिकांहून सरस वाटतं. त्यांच्या विंचवाच्या भारुडात काम-क्रोधाचा विंचू चावतो. नाथषष्ठीला पैठणात हे भारूड सादर होताना कलाकार पाय धरून लोळतो, घामाघूम होतो, लोक हसतात. मराठवाड्यात तुराट्यांच्या ढिगात हात घालताना विंचू चावणं कुणाला नवं नाही. (लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध जीव वाचवतं हे दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर मूळचे जालना जिल्ह्यातलेच.) ओळखीची वेदना घेऊन नाथ तिला आत वळवतात. उतारा सांगतात तोही आतलाच: तमोगुण मागं सारायचा, सत्त्वगुणाचा अंगारा लावायचा. दुसरा कुणी येऊन विंचू झाडून देत नाही, चावलेल्यालाच कष्ट घ्यावे लागतात. आणि उतारा दिल्यावरही 'किंचित राहिली फुणफुण'. ती शमते गुरूच्या, जनार्दनांच्या कृपेनं.

ऑस्ट्रेलियातले कुटुंबांना समुपदेशन करणारे मायकेल व्हाइट यांनी १९८० च्या दशकात उपचारांत असंच काहीसं आणलं. कपड्यांत शी होणाऱ्या मुलांबद्दलचा त्यांचा लेख प्रसिद्ध आहे. त्यांनी त्या त्रासाला एका लबाड पात्राचं नाव दिलं आणि तो मुलापासून वेगळा काढला. आईबाप विरुद्ध पोरगा हे भांडण मिटलं, सगळं घर त्या लबाडाविरुद्ध उभं राहिलं. व्हाइट दोन बाजूंनी विचारत: यानं तुमच्यावर काय परिणाम केला, आणि तुम्ही यावर कधी, कसा ताबा मिळवला? दुसरा प्रश्न गाळला तर उरते फक्त सबब. 'मी नव्हतो, माझ्यात शिरलेलं ते होतं', हे मारझोड करणारा नवराही म्हणतोच.

आपल्या मालिका नेमक्या तिथं कमी पडतात. शेवटच्या भागात राक्षस मरतो, मंत्र संपतात, थोरला मुलगा शुद्धीवर येतो आणि सगळं घर त्याला मिठी मारतं. ताट जिच्या अंगावर भिरकावलं होतं ती बायकोही हसते. 'बफी'त प्रियकराला आत्मा परत मिळतो, पण दरम्यान त्यानं केलेला खून कुणी विसरत नाही, तोही नाही. प्रायश्चित्त शोधत फिरणाऱ्या त्याच पात्रावर पुढं १९९९ ते २००४ अशी पाच पर्वांची स्वतंत्र मालिका झाली. आपल्याकडे त्या बायकोच्या बाजूनं, ती फुणफुण धरून, एवढं लांब लिहायला कुणीतरी बसावं. भारुडाच्या मुलखातलंच कुणी बसलं तर अधिक आनंद होईल.