अन्नमार्गाच्या भिंतीचा शोध

तोंडापासून गुदद्वारापर्यंत जाणाऱ्या अन्नमार्गाचे स्थूल रूप शरीररचनाशास्त्राला फार पूर्वीपासून परिचित होते. अलेक्झांड्रियात मानवी शवांचे विच्छेदन करणाऱ्या हिरोफिलसने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास लहान आतड्याच्या पहिल्या भागाची लांबी बारा बोटांच्या रुंदीइतकी ठरवली होती आणि १५४३ मध्ये व्हेसेलियसच्या ग्रंथात पोटातील इंद्रियांची तपशीलवार चित्रे आली. मात्र या नळीची भिंत कशाची बनलेली आहे, हा प्रश्न दीर्घकाळ मागेच राहिला.

सतराव्या शतकात लक्ष आधी ग्रंथींकडे वळले. १६४२ मध्ये पादुआ येथे विर्सुंगला स्वादुपिंडाची नलिका आढळली, तर १६५६ मध्ये व्हार्टनने जबड्याखालील लाळग्रंथीच्या नलिकेचे वर्णन प्रसिद्ध केले. १६६० मध्ये ॲमस्टरडॅमला शिकत असलेला नील्स स्टेन्सन मेंढीच्या डोक्याचे विच्छेदन करत असताना त्याने कानाजवळच्या ग्रंथीतून निघणाऱ्या नलिकेत शलाका सरकवली आणि ती दातांवर आपटल्याचा आवाज त्याला ऐकू आला. लाळ या ग्रंथीतून गालाच्या आतल्या बाजूस पोहोचते, याचा तो प्रत्यक्ष पुरावा होता.

पुढे सूक्ष्मदर्शकाने पृष्ठभाग उलगडला. मालपिगीने १६६५ मध्ये जिभेवरील अंकुरांचे, तर लिबरक्यूनने १७४५ मध्ये लहान आतड्यातील रसांकुरांचे (आतल्या पृष्ठभागावरील बोटांसारख्या सूक्ष्म उंचवट्यांचे) आणि त्यांच्या तळाशी असलेल्या खोलगट ग्रंथींचे वर्णन केले. या इतिहासात रचना आधी दिसते आणि कार्य फार उशिरा कळते. पेयरने १६७७ मध्ये आतड्याच्या भिंतीतील पुंजके नोंदवले, पण ते पाचकरस स्रवतात असा त्याचा समज होता. प्रत्यक्षात ते पुंजके लसीका ऊतींचे (ऊती म्हणजे सारख्या पेशींचे समूह) असून त्यांचा संबंध रोगप्रतिकाराशी आहे.

माझ्या मते खरे वळण १८०० मध्ये आले, आणि तेही सूक्ष्मदर्शकाविना. बिशाने शरीराचे भाग उकळून, वाळवून, पाण्यात कुजवून आणि आम्लात ठेवून त्यांची तुलना केली, शरीरात एकवीस प्रकारच्या ऊती असल्याचे मांडले आणि तोंड, जठर व आतडे यांना आतून झाकणारे श्लेष्मल पटल अखंड असल्याचे दाखवून दिले. अवयव वेगवेगळे असले तरी त्यांना घडवणाऱ्या ऊती समान असतात, हा विचार अवघ्या तिसाव्या वर्षी मृत्यू आलेल्या या वैद्याने मागे ठेवला.

एकोणिसाव्या शतकात सुधारलेली भिंगे आणि रंजनद्रव्ये हाती आल्यावर भिंतीचे चार थर स्पष्ट झाले: आतले श्लेष्मल पटल, त्याखालील संयोजी ऊतीचा थर, स्नायूंचा थर आणि बाहेरील आवरण. तोंड व अन्ननलिका यांना घर्षण सोसणारे बहुस्तरीय पट्टकी, म्हणजे चपट्या पेशींच्या अनेक थरांचे, अस्तर आहे, तर जठरापासून पुढे स्राव व शोषण यांसाठी अनुकूल असे एकस्तरीय स्तंभीय, म्हणजे उंच पेशींच्या एकाच थराचे, अस्तर सुरू होते. माइसनरने १८५७ मध्ये श्लेष्मल पटलाखालील चेताजाळे (मज्जातंतूंचे जाळे) आणि आउअरबाखने १८६० च्या दशकात स्नायुथरांमधील चेताजाळे वर्णिले. आतडे अन्न पुढे कसे ढकलते हे बेलिस आणि स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये प्रयोगांनी दाखवले, तेव्हा त्या जाळ्यांचे महत्त्व ध्यानात आले.

लिबरक्यूनने पाहिलेल्या ग्रंथींचा अर्थ लागण्यास तर अडीचशेहून अधिक वर्षे जावी लागली. २००७ मध्ये हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने या ग्रंथींच्या तळाशी असलेल्या मूलपेशी ओळखल्या. याच पेशींच्या विभाजनातून लहान आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नव्याने घडत असते.