वारगीते, जपानी

वारगीते, जपानी : आठवड्यातील एखाद्या वाराचे नाव, किंवा त्या वाराशी जोडलेली मनःस्थिती, केंद्रस्थानी ठेवून रचलेली जपानी लोकप्रिय गाणी. संगीतव्यवसायात हा स्वतंत्र प्रकार मानला जात नाही. ‘वारगीत’ ही संज्ञा येथे सोयीसाठी वापरली आहे. शुक्रवार, शनिवार आणि रविवार यांवरील गाणी पुष्कळ आहेत, मधल्या वारांवरील विरळ. या असमतोलाचे कारण वारांच्या जपानमधील इतिहासात शोधावे लागते.

वारांचा उगम : जपानी वारांचा क्रम मराठी वाचकाला परका नाही. निचियोबी (रवि), गेत्सुयोबी (सोम), कायोबी (मंगळ), सुइयोबी (बुध), मोकुयोबी (गुरु), किन्योबी (शुक्र) आणि दोयोबी (शनि) हे आपल्याच ग्रहक्रमाने येतात. फक्त पाच ग्रहांना चिनी परंपरेतील अग्नी, जल, काष्ठ, धातू व मृत्तिका या पाच तत्त्वांची नावे आहेत. ग्रहवारांची ही पद्धत ग्रीक-रोमन जगातून भारतात इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत आली असावी. मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताच्या शिलालेखात (इ. स. ४८४) गुरुवारचा उल्लेख असून भारतातील वाराच्या सर्वांत जुन्या निश्चित कालाच्या नोंदींत तो गणला जातो.

चीनमध्ये अमोघवज्र या बौद्ध आचार्याच्या नावावर असलेला नक्षत्र-ग्रहविषयक ग्रंथ ७५९ च्या सुमारास सिद्ध झाला आणि ७६४ मध्ये यांग जिंगफेंगने त्याची सुधारित, सटीप आवृत्ती केली. जपानी नाव ‘सुकुयोक्यो’. शिंगोन या जपानी बौद्ध पंथाचा संस्थापक कूकाई याने ८०६ मध्ये तो जपानला आणला, असे सामान्यतः मानतात. तो एखाद्या संस्कृत ग्रंथाचा अनुवाद आहे की अनेक भारतीय स्रोतांवरून चीनमध्येच केलेले संकलन, याबद्दल मतभेद आहेत. एकसंध संस्कृत मूळ हाती नसल्याने संकलनाचा पक्ष अधिक संभाव्य वाटतो. त्यात वारांची नावे सोग्दियन (मध्य आशियातील एक जुनी इराणी भाषा), पर्शियन आणि भारतीय अशा तिन्ही रूपांत दिली आहेत. शिवाय हेइआन काळातील (७९४–११८५) पंचांगांत रविवारपुढे ‘मित्सु’ अशी खूण आढळते. ती सोग्दियन ‘मीर’ या सूर्यवाचक शब्दाची चिनी लिपीतील छाया होय. फलज्योतिषाचा आशय मुख्यतः भारतीय, पण वारांची वाट मध्य आशियाई व्यापाऱ्यांमधून गेलेली, असा निष्कर्ष त्यातून निघतो. फुजिवारा नो मिचिनागा या सत्ताधीशाची स्वहस्ते लिहिलेली दैनंदिनी (सु. ९९८–१०२१) अशाच वारयुक्त पंचांगांवर आहे. वार तेव्हा शुभाशुभ पाहण्यासाठी होता. कामाशी वा विश्रांतीशी त्याचा संबंध नव्हता.

वार आणि सुटी : १८६८ नंतर सरकारी कचेऱ्यांना महिन्यातील १ व ६ आकडा येणाऱ्या तारखांना सुटी असे. १ जानेवारी १८७३ पासून ग्रेगोरियन कालगणना लागू झाली, तरी ही सुटी काही काळ टिकली. १८७६ च्या मार्चमधील शासकीय आदेशाने एप्रिलपासून रविवार पूर्ण सुटीचा आणि शनिवार अर्ध्या दिवसाचा ठरला. अर्ध्या शनिवाराला ‘हानदोन’ म्हणत; ‘दोन्ताकु’ या डच ‘झोन्दाख’ (रविवार) वरून आलेल्या शब्दाशी त्याचे नाते सांगतात. दुकानांत राबणाऱ्या उमेदवार पोरांना मात्र पुढेही दीर्घकाळ वर्षातून दोनदाच, जानेवारी आणि जुलैच्या मध्यास, घरी जाता येई. त्यांच्या दृष्टीने रविवार हा सरकारी बाबूंचाच वार होता. सुटीची वाटणी अशी विषम असताना वार हा सर्वांच्या गाण्याचा विषय होणे कठीण होते.

वारांवरील पहिले सर्वतोमुखी झालेले गाणे सुटी नाकारणारे निघावे, हे लक्षणीय आहे. १९४० चे ‘गेत्सु गेत्सु का सुइ मोकु किन किन’ (गीत : ताकाहाशी शुन्साकु, संगीत : एगुची योशी) हे नौदलाच्या कष्टाळूपणाचे गीत. सोम, सोम, मंगळ, बुध, गुरु, शुक्र, शुक्र अशा शीर्षकातून शनिवार-रविवार पुसूनच टाकले आहेत. हा वाक्प्रचार रशिया-जपान युद्धानंतरच्या अखंड नौदल सरावांना उद्देशून एका अधिकाऱ्याने सहज काढलेल्या उद्गारातून आला, असे सांगतात. बिनसुटीच्या राबण्यासाठी तो आजही वापरात आहे.

युद्धोत्तर काळ : रविवारी बाजारात जाऊन सूत आणि ताग आणण्यापासून सुरू होणारे ‘इश्शूकान’ (आठवडा) हे रशियन लोकगीताचे जपानी रूप समूहगायनातून घरोघरी पोहोचले. शनिवारची रात्र मायुझुमी जुन या गायिकेच्या १९६९ च्या ‘दोयो नो योरु नानिका गा ओकिरु’ (शनिवारी रात्री काहीतरी घडते) या गाण्यात शीर्षकातच आली. शनिवार रात्रीचे आकर्षण अमेरिकी डिस्को लाटेबरोबर आले, असे काही वेळा म्हटले जाते, परंतु हे गाणे आणि शुगर बेब या गटाचे ‘डाउन टाउन’ (१९७५, गीत : इतो गिंजी, संगीत : यामाशिता तात्सुरो) ही दोन्ही त्या लाटेच्या आधीची आहेत. अर्ध्या दिवसाच्या शनिवारी दुपारी मोकळा झालेला नोकरदार आणि विद्यार्थी हाच या गाण्यांचा खरा श्रोता दिसतो.

यानंतर वार दूरचित्रवाणीच्या वेळापत्रकात अडकला. फुजी वाहिनीवर १९८१ ते १९८९ शनिवारी रात्री ‘ओरेताची ह्योकिन-झोकु’ हा विनोदी कार्यक्रम होत असे. त्याच्या समाप्तिगीतांत एपो या गायिकेने गायलेले ‘डाउन टाउन’, तिचेच ‘दोयो नो योरु वा पॅराडाइस’, यामाशितांचे ‘दोयोबी नो कोइबितो’ (१९८५) आणि मात्सुतोया युमीचे ‘दोयोबी वा दाइकिराइ’ (१९८६) यांचा समावेश होता. स्वर्ग, प्रेयसी आणि अखेर ‘शनिवार मुळीच आवडत नाही’! एकाच वाराची इतक्या दर्जेदार हातांनी बांधलेली मालिका अन्यत्र क्वचितच सापडेल. याउलट इवासाकी हिरोमीच्या ‘मादोन्ना-ताची नो ललबाय’ (१९८२) या गाण्यात वाराचे नावही नाही. तरी मंगळवारच्या रहस्य-चित्रपट मालिकेचे शीर्षकगीत असल्याने एका पिढीच्या स्मरणात ते मंगळवारचेच गाणे आहे. रविवारी सायंकाळी लागणाऱ्या ‘साझाए-सान’ (१९६९ पासून) या अ‍ॅनिमेशन मालिकेचे सूर ऐकताच उद्याच्या सोमवारच्या धास्तीने मन खिन्न होणे, याला मालिकेच्याच नावाने ‘सिंड्रोम’ म्हणतात.

शुक्रवार : आठवड्यातून दोन सुट्या मात्सुशिता कंपनीने १९६५ मध्येच दिल्या, सरकारी नोकरांना त्या पूर्णपणे मे १९९२ मध्ये आणि सार्वजनिक शाळांना २००२ मध्ये मिळाल्या. मौजेची रात्र त्यामुळे एक दिवस अलीकडे सरकली. ‘हानाकिन’ (बहराचा शुक्रवार) हा शब्द १९८० च्या दशकात रूढ झाला. पाठोपाठ गुरुवारसाठी ‘हानामोकु’ही निघाला, पण त्याने गाण्यात मूळ धरल्याचे दिसत नाही. यासुहाचे ‘फ्रायडे चायनाटाउन’ (१९८१) हे सिटी पॉप या १९७०–८० च्या दशकांतील शहरी जपानी पॉप शैलीच्या पुनरुज्जीवनात जगभर पुन्हा ऐकले गेले. ड्रीम्स कम ट्रू या गटाचे ‘केस्सेन वा किन्योबी’ (निर्णायक लढाई शुक्रवारी, गीत : योशिदा मिवा, संगीत : नाकामुरा मासातो) सप्टेंबर १९९२ मध्ये, म्हणजे वरील बदलानंतर चारच महिन्यांनी आले. यात कार्यकारणभाव मानू नये. शुक्रवारची ही धडधड शहरी तरुणांच्या अंगी आधीच मुरली होती.

इतर वार : सोमवारचे अलीकडचे ठळक उदाहरण म्हणजे केयाकिझाका४६ गटाचे सोमवारी सकाळी स्कर्ट कापला गेलेल्या मुलीचे गाणे (२०१७, गीत : आकिमोतो यासुशी). प्रत्यक्ष घडणारा गुन्हा विषय केल्याबद्दल त्यावर टीका झाली. गुरुवारची ओळख गाण्यापेक्षा ‘द बेस्ट टेन’ (१९७८–१९८९) या गुरुवारच्या क्रमवारी-कार्यक्रमामुळे अधिक आहे.

बुधवारची स्थिती विलक्षण आहे. जपानी सीडी बहुधा बुधवारी प्रकाशित होतात. २०१५ मध्ये जगभर शुक्रवार ठरला तरी हा प्रघात मोडला नाही. प्रती दुकानात मंगळवारीच पोहोचत असल्याने आदल्या दिवशी त्या मिळवण्याला ‘फ्लाइंग गेट’ (इंग्रजी get, म्हणजे मिळवणे) म्हणतात, आणि एकेबी४८ या मुलींच्या गायनगटाच्या २०११ च्या याच शीर्षकाच्या गाण्याला त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार मिळाला. व्यवसायाचा हा मुख्य वार गाण्यांच्या शीर्षकांत मात्र क्वचित दिसतो. ‘सुइयोबी नो काम्पानेला’ (बुधवारची काम्पानेला) या २०१२ मध्ये स्थापन झालेल्या गटाच्या नावात तो आहे. बैठका बहुधा बुधवारी होत म्हणून हे नाव, असा एक खुलासा दिला जातो, पण इतरही सांगितले जातात. मूळ गायिका कोमुआइ हिच्या जागी २०२१ पासून उताहा गाते.