हाताचे पॉलिश की मशीनचे : वादाची पार्श्वभूमी

ठाण्यातील वागळे इस्टेटपासून नवी मुंबईतील तुर्भ्यापर्यंत 'गाडीचे पॉलिश हातानेच करा, मशीन लावू नका' अशी ताकीद देणारे गाडीमालक आजही भेटतात. ही भीती निराधार नाही. फक्त ती जुन्या रंगाच्या काळातली आहे. पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर यांच्या जुन्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नसे. रबिंग कंपाउंड, म्हणजे खरखरीत कणांची पेस्ट, घासली की फडक्यावर गाडीचाच रंग उतरे आणि उन्हाने पांढुरका पडलेला पापुद्रा जाऊन खालचा ताजा रंग उघडा होई. पॉलिशची जुनी रोटरी मशीन एकाच अक्षाभोवती फिरते. अननुभवी हातात ती एका जागी रेंगाळली की उष्णता साठून कडेचा रंग प्रायमरपर्यंत, म्हणजे रंगाखालच्या अस्तरापर्यंत जाई.

खरा गुंता 'पॉलिश' या शब्दात आहे. बुटाला पॉलिश लावतात तेव्हा वर काहीतरी चढते. गाडीच्या पॉलिशमध्ये उलट बारीक खरखरीत कणांनी थोडा थर उतरवला जातो. वर चढते ते वॅक्स (मेण) किंवा सीलंट (कृत्रिम संरक्षक लेप). गॅरेजांनी ही दोन्ही कामे बिलावर एकाच शब्दात बसवली, हे त्यांच्या सोयीचे असले तरी ग्राहकावर अन्याय करणारे ठरले. कारण हाताने केवळ वॅक्स लावून घेणारा आणि मशीनने ओरखडे काढून घेणारा, दोघेही आपण 'पॉलिश' केले असे समजून एकमेकांशी वाद घालत राहिले. त्यात 'टेफ्लॉन कोटिंग'ची भर पडली. तो पदार्थ सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळतो. नॉनस्टिक तव्यावर बसतो तसा तो गॅरेजात नुसता चोळून गाडीवर बसणे शक्यच नव्हते.

पुढे मेटॅलिक रंगांबरोबर क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा वेगळा पारदर्शक थर रुळला. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ असतो. सोसायट्यांत पहाटे एका बादलीत, एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात आणि फडक्यातल्या धुळीने याच थरावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उठतात. सुरक्षित मानलेला हात तो हाच. पॉलिश करतानाही हाताचा दाब सर्वत्र सारखा राहत नसल्याने हे ओरखडे हाताने सलग निघत नाहीत. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनचा पॅड फिरता फिरता जागाही बदलतो, त्यामुळे उष्णता कमी साठते. तरीही प्रत्येक फेरीत थर झिजतोच, म्हणून आधी जाडी मोजण्याचे मीटर लावणे योग्य. प्लास्टिकच्या बंपरवर मात्र हे साधे मीटर चालत नाही, शिवाय प्लास्टिकमधून उष्णता लवकर निघून जात नाही. तेवढ्या भागापुरता हाताचा आग्रह आजही रास्त आहे.