भरकटणारा पिझो सिग्नल

लोखंडी पट्टीवर 27 मिलिमीटरची पितळी पिझो चकती, म्हणजे दाब किंवा कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा सेन्सर, चिकटवलेली आहे. तिच्या दोन तारा थेट डेटा अक्विझिशन कार्डात, म्हणजे सिग्नल आकड्यांत नोंदवून कॉम्प्युटरला देणाऱ्या कार्डात, गेल्या आहेत. पट्टीला कुणी हातही लावत नाही, तरी स्क्रीनवरची रेघ सावकाश वर सरकते आणि 10 व्होल्टच्या मर्यादेला जाऊन चिकटते. इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टमध्ये हे नेहमीचंच. मग चकती बदलली जाते, सॉफ्टवेअरमध्ये फिल्टर लावला जातो. खरं तर चकती बहुतेक वेळा ठणठणीत असते. गडबड असते ती तिच्यापासून कार्डापर्यंतच्या वाटेत.

दाब दिला की काही स्फटिकांवर विद्युतभार उमटतो, हे जॅक आणि पिएर क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. हा भार अगदी किरकोळ असतो. क्वार्ट्झवर 1 न्यूटन, म्हणजे साधारण 100 ग्रॅम वजनाइतका जोर दिला, तर जेमतेम 2.3 पिकोकूलोम मिळतात. बाजारातल्या चकतीतलं सिरॅमिक याच्या शंभराहून अधिक पट भार देतं, पण तोही बॅटरीसारखा वाहत राहत नाही. एकदा उमटतो आणि मिळेल त्या वाटेने झिरपून जातो.

आता ती सरकणारी रेघ. कार्डाच्या इनपुटमधून एक बारीकसा प्रवाह सतत वाहत असतो. तो 1 नॅनोअँपिअर धरू आणि चकतीची धारकता (भार साठवण्याची क्षमता) 20 नॅनोफॅरड. प्रवाहाला बाहेर पडायला वाटच नसेल तर तो चकतीतच साठतो आणि व्होल्टेज सेकंदाला 50 मिलिव्होल्टने चढतं. म्हणजे 200 सेकंदांत 10 व्होल्ट! चकतीच्या दोन टोकांमध्ये 1 मेगओहमचा रेझिस्टर लावला की रेघ जागेवर येते. पण त्याची किंमत मोजावी लागते: साधारण 8 हर्ट्झच्या खालची कंपनं दबतात. पुलाचं किंवा इमारतीचं संथ डोलणं मोजायचं असेल तर हा रेझिस्टर चालणार नाही. 10 मेगओहमचा लावला तर मर्यादा 0.8 हर्ट्झपर्यंत उतरते, पण इनपुट 50 हर्ट्झची घरगुती वीज जास्त ओढून घेतं. त्यामुळे आधी काय मोजायचंय ते ठरवावं, मग रेझिस्टर निवडावा.

यानंतर केबल. ती हलली, वाकली की आतलं इन्सुलेशन आणि त्यावरचं धातूचं आवरण (शिल्ड) एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातून स्वतःचाच विद्युतभार तयार होतो. सेन्सर स्थिर ठेवून नुसती केबल हलवा. रेघ उडाली तर चोर सापडला. अशा कामासाठी ग्रॅफाइटचा थर दिलेली लो-नॉईज केबल मिळते. ती नसेल तर साधी केबलच मशीनला जागोजागी टेपने घट्ट बांधली तरी बराच फरक पडतो.

चार्ज अँप्लिफायर (चकतीचा भार व्होल्टेजमध्ये बदलणारं सर्किट) वापरत असाल तर कनेक्टरच्या स्वच्छतेकडे दुर्लक्ष नको. बोटाचा तेलकट ठसा आणि त्यावर कोकणातल्या पावसाळ्याची दमट हवा, एवढंसुद्धा गळतीला पुरतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करा आणि मगच सेन्सरला दोष द्या.

सगळ्यात फसवा प्रकार मात्र सॅम्पलिंगचा, म्हणजे सिग्नलचे ठरावीक अंतराने नमुने घेण्याचा. सेकंदाला 1000 नमुने घेणाऱ्या कार्डाला 990 हर्ट्झचं कंपन 10 हर्ट्झचं दिसतं, आणि स्क्रीनवर ते इतकं देखणं येतं की शंका येत नाही. पडताळणी सोपी आहे: दर 1200 करून बघा. खरं 10 हर्ट्झचं कंपन जागचं हलणार नाही. भुताटकी असेल तर ते थेट 210 हर्ट्झवर उडी मारेल. अशी वेगवान कंपनं अडवणारा फिल्टर कार्डाच्या आधी, तारेतच बसवावा लागतो. आकडे एकदा नोंदले गेले की खरे 10 हर्ट्झ आणि खोटे 10 हर्ट्झ कुठल्याच सॉफ्टवेअरला वेगळे काढता येत नाहीत.