डिझाइनच्या विद्यार्थ्याला ‘तुझी आवड काय?’ असं कधीपासून विचारू लागले?

डिझाइनच्या पदवी अभ्यासक्रमाचे पहिले दिवस ओळखीपाळखीत जातात. कुणी सांगतं, अक्षरं काढायला आवडतात. कुणाला खेळण्यांचं वेड असतं, कुणी रात्र रात्र कॉमिक्स रंगवतं, कुणाला अॅपचे पडदे रचायचे असतात. एखादा ‘माझं अजून काही ठरलेलं नाही’ म्हणून मोकळा होतो, आणि बहुधा तोच सगळ्यात खरं बोलत असतो. हे सारं आता इतकं अंगवळणी पडलं आहे की त्यात काही विशेष आहे असं वाटतही नाही. पण वस्तू घडवायला शिकणाऱ्याला त्याची आवड विचारणं ही प्रथा फार तर शंभरेक वर्षांची आहे. त्याआधी कित्येक शतकं त्याला फक्त काम दाखवायला सांगत.

मध्ययुगीन युरोपात हे शिक्षण कारागिरांच्या संघांच्या, म्हणजे गिल्डच्या, हाती होतं. पोरगा लहानपणीच उस्तादाकडे उमेदवारीला लागे. पुढे दुसऱ्यांच्या हाताखाली मजुरीवर काम करी आणि शेवटी स्वतःचं दुकान थाटायची परवानगी हवी असेल तर एक उत्कृष्ट नमुना बनवून संघापुढे ठेवी. कुलूप, पेटी, चांदीचा पेला, ज्याचा जो धंदा त्याप्रमाणे. परीक्षक तो नमुना उलटसुलट करून बघत. बनवणाऱ्याच्या मनात काय होतं याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं.

याच वृत्तीची एक कथा कलावंतांची चरित्रं लिहिणाऱ्या इटालियन चित्रकार जॉर्जो वसारीने सोळाव्या शतकात लिहून ठेवली आहे. पोपचा दूत चित्रकारांच्या कामाचे नमुने गोळा करत जोत्तोकडे आला. जोत्तोने लाल रंगात कुंचला बुडवला, हात शरीराशी टेकवला, कंपास न वापरता एका फटकाऱ्यात पूर्ण वर्तुळ काढलं आणि कागद दूताच्या हातात दिला. ‘एवढंच?’ असं दूताला वाटलं. पोपला मात्र तेवढं पुरलं. गोष्ट खरी असेलच असं नाही, पण एका पानाचा पोर्टफोलिओ आणि तोंडातून अवाक्षर नाही, हा त्या काळाचा आदर्श त्यात नेमका उतरला आहे.

अपवाद एक आहे, आणि तो मोठा चविष्ट आहे. साधारण १४८२ मध्ये, तिशीच्या आसपास असलेल्या लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्त्साला नोकरीसाठी पत्र लिहिलं. त्याचा मसुदा आजही उपलब्ध आहे. हलके आणि चटकन उचलून नेता येणारे पूल, तोफा, झाकलेले रथ, वेढा घातलेल्या किल्ल्याच्या खंदकातलं पाणी काढून टाकण्याच्या युक्त्या अशी क्रमवार यादी त्यात आहे. शांततेच्या काळात इमारती बांधता येतात, संगमरवर, कांसं आणि मातीत मूर्ती घडवता येतात आणि चित्रकलाही येते, हे अगदी शेवटी. त्या दरबाराला युद्धाची काळजी होती, म्हणून युद्धाची कामं वर आली. म्हणजे हेही स्वतःच्या आवडीचं निवेदन नव्हतंच. समोरच्याची गरज ओळखून लिहिलेला अर्ज होता. आजचे विद्यार्थी कंपनी बघून पोर्टफोलिओतल्या पानांचा क्रम बदलतात, ते याच घराण्यातले.

१५६३ मध्ये फ्लॉरेन्सला, वसारीच्याच पुढाकाराने, चित्र, शिल्प आणि वास्तू यांची अकादमी निघाली. १६४८ मध्ये पॅरिसला राजाश्रयाची अकादमी आली. कारागिराचा कलावंत झाला, त्याची पत वाढली, पण शिकवण्याची रीत फारशी बदलली नाही. आधी चित्रांच्या नकला, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांच्या, मग जिवंत माणसाचं चित्र. पुढे पॅरिसच्याच एकोल दे बोझारमध्ये वास्तुकलेचे विद्यार्थी स्पर्धेसाठी मोठमोठे आराखडे काढून टांगत आणि ज्युरी बंद दाराआड निकाल लावी. विद्यार्थी तिथे हजरच नसे. आपल्या कामाविषयी चारचौघांत उभं राहून बोलणं, टीका ऐकणं, तिला उत्तर देणं हा आज डिझाइनच्या शिक्षणाचा कणा मानला जातो. त्या व्यवस्थेत त्याला जागाच नव्हती.

डिझाइन या विषयाची स्वतंत्र सरकारी शाळा लंडनमध्ये १८३७ साली सॉमरसेट हाउसमध्ये सुरू झाली, तीही कलेच्या प्रेमापोटी नव्हे. ब्रिटिश गिरण्यांमधून ढिगांनी माल निघत होता, पण नक्षीकामात फ्रेंच माल बाजी मारत होता, आणि संसदेच्या समितीने यावर खल केला होता. कारखान्याला नक्षीकार हवे होते. म्हणून माणसाचं चित्र काढायला शिकवावं की नाही यावरच त्या शाळेत भांडणं झाली. मुलं त्यात रमली तर चित्रकार व्हायला निघून जातील, ही भीती! विद्यार्थ्याची आवड इथे चक्क धोका मानली गेली. १८५२ नंतर सरकारी कलाशिक्षणाचा प्रमुख झालेल्या हेन्री कोलच्या अमलात रिचर्ड रेडग्रेव्हने २३ टप्प्यांचा अभ्यासक्रम आखला. सुरुवात रेघांपासून, आणि मग एकेक पायरी चढत जायचं. प्लॅस्टरच्या पुतळ्याचं एकच छायांकन महिनोन् महिने घोटत बसलेल्या विद्यार्थ्यांच्या हकिकती याच पद्धतीतल्या. ही साउथ केन्सिंग्टन पद्धत साम्राज्यातल्या कलाशाळांमध्येही पोचली आणि भारतातल्या पिढ्यांनीही ती गिरवली. हात तयार झाले, यात शंका नाही. काय आवडतं हे मात्र कुणी विचारलं नाही.

ते विचारलं बाउहाउसने, आणि तेही शब्दांत नव्हे.

वॉल्टर ग्रोपियसने १९१९ मध्ये जर्मनीतल्या वायमारला ही शाळा काढली. तिथे योहानेस इटेनने सहा महिन्यांचा प्राथमिक वर्ग चालवला, जो लवकरच सगळ्यांना सक्तीचा झाला. इटेन प्रकरण विचित्र होतं. साधूसारखा झगा, मझ्दाझ्नान पंथाचे उपास, वर्गाच्या सुरुवातीला श्वासाचे व्यायाम. या साऱ्याची आजही टिंगल होते आणि थोडी व्हायलाही हवी. पण त्याने एक मूलभूत गोष्ट केली. लाकूड, धातू, काच, दगड, माती, सूत असे पदार्थ विद्यार्थ्यांपुढे टाकले आणि खरखरीत-गुळगुळीत, जड-हलकं, चमकदार-मंद अशा जोड्या हातांनी शोधायला लावल्या. त्याचं म्हणणं असं की या खटपटीत प्रत्येकाला कोणता पदार्थ आपल्याला हाक मारतो हे कळतं आणि पुढची कार्यशाळा निवडणं सोपं जातं. आवड ही आधीच मनात तयार असते आणि फक्त सांगायची असते, असं त्याने गृहीत धरलं नाही. ती काम करताना सापडते, असं धरलं. डिझाइन-शिक्षणाच्या सगळ्या इतिहासात मला हा विचार सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९२८ मध्ये, तेव्हा तो बर्लिनला स्वतःची शाळा चालवत होता, त्याच्या वर्गात एक प्रसंग घडला. रंगसंगतीचा अभ्यास चालू होता. वीसेक मिनिटांत वर्गात चुळबुळ सुरू झाली. तुम्ही दिलेल्या रंगजोड्या आम्हाला सुसंगत वाटतच नाहीत, अशी विद्यार्थ्यांची तक्रार होती. ठीक आहे, तुम्हाला बऱ्या वाटतात त्या रंगवा, इटेन म्हणाला. वर्ग शांत झाला. तासाभराने सगळे कागद जमिनीवर मांडले, तेव्हा प्रत्येकाची रंगसंगती एकमेकांपासून पूर्ण वेगळी निघाली. इटेनने एक कागद उचलला आणि एका मुलीला विचारलं, हा तुझा ना? तिचाच होता. मग दुसरा, तिसरा, चौथा. माणसाकडे बघून तो कागद ज्याचे त्याला देत गेला. त्यातून त्याने माणसाची ठेवण आणि त्याचे रंग यांच्या नात्याचा जो सिद्धांत रचला, तो मला ताणलेला वाटतो. पण न बोलता झालेली ही ओळख विसरता येत नाही.

त्याआधी काही वर्षं बाउहाउसमध्ये उलटा प्रयोगही झाला होता. तिथे शिकवणाऱ्या चित्रकार वासिली कांडिन्स्कीने १९२३ मध्ये एक छापील प्रश्नपत्रिका वाटली. वर व्यवसाय, लिंग, राष्ट्रीयत्व लिहायला जागा, खाली त्रिकोण, चौकोन आणि वर्तुळ. पिवळा, लाल आणि निळा यांपैकी कोणता रंग कुठे भरावा हे सांगायचं, जमलं तर कारण द्यायचं. पिवळा त्रिकोण, लाल चौकोन, निळं वर्तुळ हे त्याच्या मते योग्य उत्तर. इटेनला माणसामाणसातला फरक हवा होता, कांडिन्स्कीला सगळ्यांना लागू पडणारा नियम. डिझाइनच्या वर्गांत हा झगडा अजून मिटलेला नाही.

आणि आवड विचारली म्हणजे ती मिळते असंही नाही. स्त्री-पुरुष भेद न करता प्रवेश देऊ, असं बाउहाउसच्या जाहीरनाम्याचं वचन होतं. मुली मोठ्या संख्येने आल्या, तसे वरिष्ठ बिचकले आणि बहुतेकींना विणकामाच्या कार्यशाळेत धाडू लागले. १९२२ मध्ये आलेल्या आनी आल्बर्सला काचेचं काम करायचं होतं. तिच्या वाट्याला माग आला. तिने त्याच मागावर एवढं काम केलं की १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं एकटीचं प्रदर्शन भरवलं. हे ऐकून ‘बघा, शेवटी चांगलंच झालं’ म्हणणारे भेटतात. काचेचं काम तिने कसं केलं असतं, ते आता कुणालाच कळणार नाही. मारियाने ब्रांट ही विद्यार्थिनी मोहोली-नॉज या शिक्षकाच्या पाठिंब्याने धातूच्या कार्यशाळेत शिरली, तर सुरुवातीला तिच्यापुढे कंटाळवाणी कामं टाकली गेली. ठिसूळ पत्र्याचे छोटे अर्धगोल ती ठोकत बसली. तिने १९२४ मध्ये केलेली चहाची किटली आज संग्रहालयांत आहे आणि १९२८ मध्ये त्या कार्यशाळेचा कारभारही काही काळ तिनेच पाहिला.

नाझींच्या दबावाखाली १९३३ मध्ये बाउहाउस बंद झालं, शिक्षक जगभर पांगले आणि तो प्राथमिक वर्ग त्यांच्याबरोबर गेला. ‘फाउंडेशन’ या नावाने आज तो जवळजवळ सगळीकडे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर १९५३ मध्ये पश्चिम जर्मनीत उल्मची शाळा सुरू झाली. बाउहाउसचाच विद्यार्थी असलेला माक्स बिल तिचा पहिला प्रमुख, आणि आनीचा नवरा योझेफ आल्बर्स, इटेन हे जुने गुरू पाहुणे म्हणून शिकवून गेले. पण थोड्याच वर्षांत तोमास माल्दोनादो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी रोख बदलला. गणित, चिन्हशास्त्र, मानवी शरीराची मापं, उत्पादनाची गणितं. डिझाइनर म्हणजे कलावंत नव्हे, तर उद्योगातल्या चमूतला एक जाणकार, असा त्यांचा आग्रह होता. ‘मला असं आवडतं’ हे तिथे कारण म्हणून चालत नसे. बिल १९५७ मध्ये सोडून गेला, शाळा १९६८ मध्ये बंद पडली. तिचा तो कडकपणा मात्र वर्गावर्गांत टिकला. ‘का?’ या प्रश्नाला ‘छान दिसतं म्हणून’ असं उत्तर देऊन आजही कुणाची सुटका होत नाही.

साठच्या दशकात ओळखीत आणखी एक गोष्ट शिरली: भूमिका. केन गार्लंडने १९६३ च्या अखेरीस लिहिलेला आणि १९६४ मध्ये छापलेला लंडनचा प्रसिद्ध जाहीरनामा आम्ही कोण, इथूनच सुरू होतो. ग्राफिक डिझाइनर, छायाचित्रकार आणि विद्यार्थी. आमचं कौशल्य मांजराचं खाणं आणि पट्टेदार टूथपेस्ट खपवण्यात वाया जातंय, ते अधिक मोलाच्या कामांकडे वळवा, अशी त्यांची मागणी. नामवंतांच्या पंगतीत विद्यार्थीही सही करतात, हे तेव्हा नवं होतं. नंतरच्या पिढ्यांत ‘मला खुर्च्या करायच्या आहेत’ याच्या जोडीला ‘मला पर्यावरणावर, अपंगांसाठीच्या साधनांवर काम करायचंय’ अशी वाक्यं आली. आवडीत वस्तूबरोबर प्रश्नही आले.

इंटरनेटने या सगळ्याचा वेग तेवढा वाढवला. आपलं काम जगापुढे मांडायचं बिहान्स हे संकेतस्थळ २००६ च्या सुमारास आलं आणि २०१२ मध्ये अडोबीने विकत घेतलं. २००९ मध्ये आलेल्या ड्रिबल या तशाच संकेतस्थळावर सुरुवातीला काम ४०० गुणिले ३०० पिक्सेलच्या चौकटीत बसवावं लागे. तेवढ्यात उठून दिसेल ते पुढे गेलं. चमकदार आयकॉन, एकाच पडद्याची देखणी मांडणी. अठराव्या वर्षी, एकही मोठा प्रकल्प हातून झालेला नसताना, आपली एक ‘शैली’ असलीच पाहिजे, हे दडपण विद्यार्थ्यांवर आणायला अशा चौकटींनी चांगलाच हातभार लावला.

त्याला उतारा म्हणून आता अनेक डिझाइन-शाळा प्रवेशाच्या वेळी तयार कामांबरोबर स्केचबुकही मागतात: कच्चे आराखडे, सोडून दिलेल्या कल्पना, फसलेले नमुने. कल्पना चांगलीच आहे. विद्यार्थी हुशार असल्यामुळे ती फसलेली पानंही आता नीट रंगवून, क्रमाने लावून, त्यांवर ‘प्रक्रिया’ असं ठळक अक्षरांत लिहून घेऊन येतात.